रोखठोक वाणीचे वारसदार

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी १९५० सालच्या डिसेंबरात, आपल्या कन्येच्या गायनावर प्रतिकूल अभिप्राय देणाऱ्या समीक्षकाला, गाठ पडलीच तर नाक फोडीन अशा आशयाचे पत्र स्वहस्ते लिहून धाडले, तेव्हा तिकडे मोठा गहजब झाला. परंतु त्या पत्राखाली सही होती, म्हणून आजही वाद घालायचा तर कागद पुढ्यात ठेवून घालता येतो.

ठाण्याच्या आनंद दिघे यांची गोष्ट निराळी; त्यांचा सारा कारभार तोंडी. शिवसेनेचे जिल्हाप्रमुखपद एवढीच त्यांची सनद. निवडणूक त्यांनी कधी लढविली नाही. तरीही टेंभी नाक्यावर रात्री उशिरापर्यंत जो दरबार भरे, त्यात भाडेकरू, सासुरवाशीण, नोकरी गेलेला कामगार असे सारे फिर्याद घेऊन बसत, आणि कचेरीत अडून पडलेल्या कामाचा निकाल चार खड्या शब्दांत लागे. त्या शब्दांची गोडी लोकांना का लागली हे ज्यास उमजत नसेल, त्याने ‘साहेब जेवायला गेलेत’ हे उत्तर ऐकत एखादी दुपार सरकारी बाकावर काढावी. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावरील घंटानादात आणि मलंगगडाच्या मोहिमेत, म्हणजे प्रार्थनास्थळांच्या वादांत, मात्र हीच वाणी जमावाची झाली, आणि तेथे ती मला तितकी निर्मळ वाटत नाही.

१९८९ साली ठाण्याच्या महापौरपदाच्या निवडणुकीत मते फुटून शिवसेना हरली; गद्दारांना क्षमा नाही, असे दिघे यांनी उघड बजावले; पुढे, मत फोडल्याचा संशय ज्यांच्यावर होता ते नगरसेवक श्रीधर खोपकर यांचा खून झाला आणि दिघे यांना टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक होऊन कालांतराने जामीन मिळाला. त्यांच्यावरील आरोप न्यायालयात शाबीत झाला नाही, हे नमूद केलेच पाहिजे. तथापि ज्याच्या शब्दावर माणसे उठतात त्याने शब्दाची जोखीमही पत्करली पाहिजे, असे माझे मत आहे.

२६ ऑगस्ट २००१ रोजी, अपघातानंतर उपचार चालू असता त्यांचे निधन झाले आणि क्षुब्ध जमावाने ते रुग्णालयच उद्ध्वस्त केले. २०२२ च्या मे महिन्यात त्यांच्या जीवनावरील ‘धर्मवीर’ हा चित्रपट पडद्यावर आला, जूनमध्ये त्यांचे शिष्य एकनाथ शिंदे यांनी पक्षनेतृत्वाविरुद्ध बंड पुकारले, आणि तेव्हापासून गद्दारीचा आरोप करणारे नि तो झेलणारे, दोघेही दिघ्यांचीच साक्ष काढतात. तोंडी चाललेल्या दरबाराचा वारसा हा असा ज्याच्या त्याच्या सोयीचा होतो.

त्या दरबारात बसलेली मंडळी आता उतारवयात आहेत. त्यांनी आपल्या आठवणी पटकथाकारांच्या हवाली न करता, गोड आणि कडू दोन्ही, तारीखवार लिहून काढाव्यात.