मैदान बघून पळा!

बॉस, एक प्रयोग करून बघा. दर शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर ज्या टर्फवर तुम्ही पाच-पाच जणांची मॅच खेळता ना, तीच गँग एका रविवारी पूर्ण आकाराच्या मैदानावर उतरवा. टर्फवर मेस्सीच्या थाटात वावरणारा अकाउंट्सवाला पंधराव्या मिनिटाला कमरेवर हात ठेवून उभा दिसेल. आणि एचआरमधला तो शांत मुलगा, ज्याला टर्फवर कुणी पासही देत नाही, तो लाइनच्या कडेने असा सुटेल की बघत राहाल. माणसं तीच, बूट तेच. बदललं फक्त मैदान.

आपल्यासाठी हा टाइमपास. हरलो तर फार तर वडापावचं बिल आपल्यावर. अमेरिकेतल्या हायस्कूलच्या पोरांसाठी मात्र हाच मामला एकदम सीरियस असतो. तिथे फुटबॉलला सॉकर म्हणतात आणि सीझनच्या शेवटी येतात प्लेऑफ्स, म्हणजे बाद फेरी. एक मॅच हरलात की खेळ खल्लास. शेवटच्या वर्षाला असलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरासाठी तर तो शाळेच्या जर्सीतला शेवटचा दिवस. त्यातली बहुतेक मुलं पुढे कॉलेजच्या टीममधून खेळत नाहीत. न्यू जर्सीत हे सगळं रंगतं ऐन नोव्हेंबरच्या गारठ्यात. तिथे आपली मराठी घरं भरपूर. त्यामुळे थर्मासमधला चहा पीत, कुडकुडत ओरडणारी एखादी मराठी आई स्टँडमध्ये असतेच.

आता गंमत ऐका. क्रिकेटची खेळपट्टी कुठेही जा, २२ यार्डांचीच. सॉकरच्या मैदानाचं तसं नाही. अमेरिकेतल्या हायस्कूलच्या नियमांत लांबी १०० ते १२० यार्ड आणि रुंदी ५५ ते ८० यार्ड, यात काहीही चालतं. म्हणजे सगळ्यात छोटं मैदान ५,५०० चौरस यार्डांचं आणि सगळ्यात मोठं ९,६०० चं. आपल्या भाषेत, म्हणजे कार्पेट एरियात सांगायचं तर छोट्या मैदानात २२ जणांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला २,२५० चौरस फूट येतात, मोठ्यात ३,९०० च्या वर!

एवढी चिंचोळी मैदानं आली कुठून? बऱ्याच शाळांचं मुख्य स्टेडियम बांधलेलं असतं अमेरिकन फुटबॉलसाठी. ते मैदान जेमतेम ५३ यार्ड रुंद, आणि त्याला खेटून अनेक ठिकाणी धावण्याचा ट्रॅक. मग सॉकरवाले त्याच हिरव्या कृत्रिम गवतावर वेगळ्या रंगाच्या रेषा मारून घेतात आणि मिळेल त्या जागेत संसार थाटतात.

अशा मैदानावर तुमचा सुपरफास्ट फॉरवर्ड अडकतो. चार डिफेंडर ५५ यार्डांत उभे राहिले की प्रत्येकाने सांभाळायचे फक्त चौदा यार्ड. पोरगा कितीही पळो, दोन ढांगांत कुणीतरी आडवं येतं. ८० यार्डांत तेच चौघं वीस-वीस यार्ड सांभाळताना फाटतात आणि कडेचा वेगवान गडी एकटा सुटतो. थोडक्यात, मोठ्या मैदानावर पायाचा वेग लागतो. छोट्यावर लागतो डोक्याचा वेग, म्हणजे बॉल यायच्या आधीच तो कुठे द्यायचा हे ठरलेलं हवं.

छोट्या मैदानाचं आणखी एक हत्यार आहे, थ्रो-इन. पेनल्टी एरिया सगळीकडे ४४ यार्ड रुंद. ५५ यार्डांच्या मैदानात साइडलाइनपासून तो फक्त साडेपाच यार्डांवर, ८० यार्डांच्या मैदानात १८ यार्डांवर. थ्रो-इनवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइडही नाही. टीममध्ये लांब फेकणारा एक दणकट हात असला की प्रत्येक थ्रो म्हणजे जवळजवळ कॉर्नरच!

हा फंडा मोठ्यांनीही वापरलाय. १९८७ च्या सप्टेंबरात युरोपियन कपमध्ये ग्लासगोच्या रेंजर्सपुढे होती वेगवान डायनामो कीव्ह. पहिल्या लेगमध्ये रेंजर्स ०-१ ने मागे. पाहुण्यांनी आदल्या दिवशी सराव केला तेव्हा मैदान नेहमीचंच होतं. मॅचला उतरले तर साइडलाइन्स आत सरकलेल्या! मॅनेजर ग्रॅम सूनेस यांनी मैदान नियमात बसेल इतकं अरुंद करून टाकलं होतं. रेंजर्सने मॅच २-० ने मारली आणि कीव्हवाले घरी गेले.

प्लेऑफ्समध्ये नेमका हाच घोळ होतो. बऱ्याच राज्यांत सुरुवातीच्या फेऱ्या वरच्या मानांकनाच्या शाळेच्या मैदानावर होतात. म्हणजे सीझनभर ऐसपैस गवतावर खेळलेली टीम अचानक डबीत येऊन पडते. त्यात कृत्रिम गवतावर बॉल सर्रकन निसटतो आणि पावसाने जड झालेल्या खऱ्या गवतात रुततो. नेहमीच्या जोराने दिलेला पास एकीकडे बाहेर जातो, दुसरीकडे अर्ध्यात मरतो. हे समजेपर्यंत पहिला हाफ संपलेला असतो, आणि हायस्कूलचा हाफ फक्त ४० मिनिटांचा.

म्हणून शहाणा कोच व्हिडिओ बघण्याआधी समोरच्यांचं मैदान बघतो. आठवडाभर आपल्याच मैदानावर तेवढ्या रुंदीचे कोन लावून सराव घेतो. अरुंद असेल तर दोन टचमध्ये पास, थ्रो आणि कॉर्नरची घोकंपट्टी. रुंद असेल तर बॉल या कडेवरून त्या कडेला फिरवायचा, कारण बॉलइतकं जोरात कुणीच पळत नाही. शिवाय हायस्कूलच्या नियमांत बाहेर काढलेला खेळाडू पुन्हा आत आणता येतो. त्यामुळे मोठ्या मैदानावर वेगवान पोरांना दम खाऊ देत आलटूनपालटून सोडायचं.

पळण्यात कुठेच कमी नसलेली पोरं कधीकधी निव्वळ चुकीच्या ठिकाणी पळाल्याने हरतात. त्या सतरा वर्षांच्या पोराला दुसरा चान्स नसतो. तुम्हाला आहे, पुढचा शुक्रवार. टीम पाडण्याआधी टर्फची रुंदी एकदा पावलांनी मोजा. आणि मोठं मैदान बुक केलंत, तर प्लीज, एचआरवाल्याला पास द्या!