घरोघरी उभे ब्रश

माणसाला एक तरी सच्चा शत्रू असावा. आमच्या अण्णांचा घरमालक होता. माझा शत्रू आमच्या बाथरूमच्या खिडकीत राहतो. तो एक स्टीलचा पेला आहे. हिच्या माहेरून आलेला, त्यावर माझ्या सासऱ्यांचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. दर रविवारी सकाळी त्यात आमच्या लेकीचे मेकअपचे आठ ब्रश, नुकते न्हाऊन, ओली डोकी वर करून उभे असतात. येणारा-जाणारा म्हणतो, काय टापटीप मुलगी! आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मेकअपविरुद्ध मला काहीही म्हणायचं नाही, हे आधीच सांगून टाकतो. लेक आणि तिची आई एका बाजूला असताना तेवढं धैर्य कुणाच्यात असतं? ब्रश धुण्याविरुद्ध तर मुळीच नाही. आठवड्या-दहा दिवसांनी ते धुवावेत, असं अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञही सांगतात. माझं भांडण आहे ते त्या ओलेत्याने उभं राहण्याशी.

“बाबा, तुम्हाला यातलं काय कळतं?” लेक विचारते.

मला? अहो, पस्तीस वर्षं मी ब्रशाने दाढी करतो आहे! अण्णांनी पहिल्या दाढीच्या दिवशी दोनच गोष्टी शिकवल्या : गालावर पातं आडवं फिरवायचं नाही, आणि ब्रश झटकून खाली डोकं वर पाय असा टांगायचा. कारण पाणी खाली जातं. हा शोध लागून बरेच दिवस झाले, पण आमच्या बाथरूमच्या खिडकीपर्यंत तो पोचलेला नाही.

उभ्या ब्रशातलं पाणी खाली म्हणजे कुठे जातं? केस दांड्यात जिथे बसवलेले असतात तिथे एक धातूची नळी असते. तिच्या आत केसांची मुळं डिंकासारख्या चिकट पदार्थाने धरून ठेवलेली असतात. पाणी मुरतं ते तिथे. चिकटवण सुटते, लाकडी दांडा फुगतो, त्याचा रंग टवके धरतो आणि गालावर लाली कमी, केस जास्त लागायला लागतात. हे झालं पैशाचं नुकसान. त्यापेक्षा वाईट म्हणजे वरून हात लावावा तर ब्रश कोरडा आणि मुळाशी ओला. थोडी ओल, थोडं अंगचं तेल, थोडी पावडर! जंतूंना याहून बेत तो काय हवा?

मी पुरावाही आणला. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांच्या वापरातल्या लिपस्टिक, मस्कारा, स्पंज अशा वस्तू तपासल्या आणि 2019 साली निष्कर्ष छापले. दहातल्या सुमारे नऊ वस्तूंत जंतू सापडले. मेकअपच्या स्पंजांपैकी 93 टक्के कधी धुतलेच गेले नव्हते आणि 64 टक्के केव्हा ना केव्हा जमिनीवर पडून पुन्हा चेहऱ्यावर फिरले होते. मी हे मोठ्याने वाचून दाखवलं.

“बघा!” लेक म्हणाली, “ते लोक धुवतच नाहीत. मी धुते!”

हाच तो कावा. ‘धुतलं म्हणजे झालं’ हे आपल्याकडचं सर्वांत लाडकं अर्धसत्य आहे. धुण्याचा डौल असतो, फेस असतो, खळखळाट असतो. वाळवण्याला कुणी टाळ्या वाजवत नाही. आणि गंमत अशी की वाळवण्याचं शास्त्र हिच्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या नांदतं आहे. भांडी घासली की पालथी पडतात. कुरडया खडखडीत वाळल्याशिवाय डब्यात जात नाहीत. लोणच्याच्या बरणीत मी एकदाच, एकदाच, ओला चमचा घातला होता. अजून ऐकतो आहे. मग कैरीच्या फोडीला जी काळजी, ती पोरीच्या डोळ्याला का नको?

डोळ्याचं उगाच आणलेलं नाही. गेल्या पावसाळ्यात लेकीच्या साखरपुड्याआधी चार दिवस तिच्या उजव्या पापणीवर रांजणवाडी आली. डोळा लिंबाएवढा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “डोळ्यांचे ब्रश धुता का?” लेक अभिमानाने म्हणाली, “दर रविवारी!” “आणि वापरता कधी?” “रविवारीच. संध्याकाळी.” बाई नुसत्या चष्म्यावरून बघत राहिल्या. ब्रशामुळेच झालं असं त्या म्हणाल्या नाहीत, म्हणून मीही म्हणत नाही. पण एवढं म्हणाल्या, “साखरपुड्याची तारीख बदलता येते हो, डोळा बदलता येत नाही.” तारीख बदलली नाही. सगळ्या फोटोंत आमची लेक डावीकडून आहे.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. वाटीत कोमट पाणी घ्या, चमचाभर सौम्य शाम्पू टाका. ब्रशाचं डोकं सदैव खाली ठेवून फक्त टोकं बुडवा. धातूच्या नळीला पाण्याचं तोंड दाखवू नका. तळहातावर हलके फिरवा, स्वच्छ पाणी येईपर्यंत खळबळा. जुन्या पंचाच्या धुतलेल्या तुकड्यात दाबून टिपा, बोटांनी मूळचा आकार द्या आणि टेबलाच्या कडेवर आडवे निजवा, केस कडेबाहेर राहतील असे. कढत पाणी नको, केस वाळवायचं यंत्र नको. बकरीचे असले तरी तेही केसच आहेत. रात्रभर वारा लागू द्या. पावसाळ्यात दोन रात्री. मुळाशी दाबून गार लागलं, तर अजून वेळ आहे. तोवर डोळ्याजवळ न्यायचे नाहीत. खडखडीत झाले की मग खुशाल त्या पेल्यात उभे राहा. माझं काही म्हणणं नाही.

टेबलावर जागा नाही, अशी तक्रार झाली. मी गॅलरीतल्या दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी आठही ब्रश उलटे टांगले आणि विजयी मुद्रेने आत आलो. ही शांतपणे म्हणाली, “आणि हा नववा?”

माझा दाढीचा ब्रश! त्याचा हुक तुटून सहा महिने झाले होते. तेव्हापासून तो त्याच पेल्यात, लेकीच्या ब्रशांमागे, डोकं वर करून उभा होता. तत्त्वासाठी लढणाऱ्या माणसाचं हुकाकडे लक्ष जात नाही, हे मी हिला समजावून पाहिलं. पटलं नाही.

आता रविवारी आमच्या दोरीवर नऊ ब्रश टांगलेले असतात. पेला स्वयंपाकघरात परत गेला आहे. मी त्यातून ताक पीत नाही.