एल निनो एकटा नसतो



परवा बियाण्याच्या दुकानात एकानं मोबाईल पुढं करून विचारलं, "दादा, एल निनो हाय म्हणतेत, सोयाबीन करू का नको?" शेजारचा लगेच म्हणाला, "काय होत नाही, ९७ लाबी होता, पाऊस झालाच की." दोघंही अर्धे बरोबर. अशाच अर्ध्या माहितीनं २०२३ ला माझं नुकसान झालं, म्हणून लिहितोय.

पॅसिफिक महासागरात विषुववृत्तालगत वारं पूर्वेकडून पश्चिमेकडं वाहतं. ते वरचं तापलेलं पाणी ढकलत इंडोनेशियाच्या बाजूला नेऊन साठवतं. इतकं, की तिथली पातळी दक्षिण अमेरिकेच्या बाजूपेक्षा साधारण अर्धा मीटर वर असते. पेरूच्या किनाऱ्याला मग खालचं गार पाणी वर येतं, त्यावर तिकडची मासळी पोसते. काही वर्षांनी हे वारं ढिलं पडतं. सरीचा उतार बदलला की पाणी कसं मागं फिरतं, तसं ते गरम पाणी पूर्वेकडं सरकतं आणि ढगांचा कारखानाही सोबत नेतं. मधल्या पट्ट्याचं पाणी सरासरीपेक्षा अर्धा अंश जास्त तापलेलं काही महिने टिकलं, की झाला एल निनो. अर्धा अंश ऐकायला किरकोळ वाटतं, पण पट्टा हजारो किलोमीटरचा आहे.

इथवर टीव्हीवाले सांगतात. पण आपल्या दाराशी हिंद महासागर आहे, त्याचाही स्वतःचा झोका आहे. त्याला आयओडी म्हणतात. त्याची ओळख १९९९ साली पटली, आणि ते काम करणाऱ्यांत आपले भारतीय शास्त्रज्ञ होते. एरवी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर विषुववृत्तावरून पूर्वेकडं एक जोराचा प्रवाह धावतो, गरम पाणी सुमात्राकडं नेतो. आयओडी पॉझिटिव्ह झाला की पूर्वेकडून वारं सुटतं आणि पावसाळ्यानंतरचा तो प्रवाह मंदावतो. सुमात्राजवळ गार पाणी वर येतं, आफ्रिकेच्या बाजूचं पाणी तापतं. हे सहसा आपल्या पावसाच्या फायद्याचं असतं. १९९७ चा एल निनो शतकातल्या मोठ्यांपैकी, तरी देशात १०२ टक्के पाऊस झाला. बरेच अभ्यासक त्याचं श्रेय त्या वर्षीच्या जोरदार आयओडीला देतात. २००२ चा एल निनो त्यापेक्षा बराच सौम्य होता, तरी पाऊस ८१ टक्क्यांवर थांबला. जुलैत तर निम्माच पडला.

हे सगळं मी २०२३ च्या मे महिन्यात वाचलं आणि शहाणा झालो! आयओडी पॉझिटिव्ह होणार असा अंदाज होता. म्हणलं, भागलं. सगळ्या आठ एकरात सोयाबीन टाकलं, त्यात तीन एकर मुरमाड. तुरीच्या ओळी सोडल्या नाहीत, शेततळ्याचा फाटका कागदही बदलला नाही. जुलै चांगला गेला. ऑगस्टमध्ये पाऊस गायब! देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट, ३६ टक्के तूट. माझं रान फुलात होतं. मुरमाडावरची फुलं दुपारी हात लावला की गळायची.

आणि आयओडी आला की! पण त्याला जोर चढायला ऑगस्ट संपत आला. तो पिकतोच सप्टेंबर-ऑक्टोबरला. सप्टेंबरात देशात सरासरीच्या ११३ टक्के पाऊस झाला. शेजारच्या तुरी तरारल्या, माझ्या सोयाबीनच्या शेंगा तोवर चपट्या राहून गेल्या होत्या. हंगामाचा आकडा ९४ टक्के. कागदावर बरा दिसतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की आपल्याला पाऊस किती टक्के यापेक्षा खंड कधी पडणार हे आधी सांगा. बातमीत एका समुद्राचं नाव घेऊन घाबरवता, तर दुसऱ्याचंही सांगा, आणि तो कोणत्या महिन्यात जोर धरेल तेही. हवामान खात्याचा चार आठवड्यांचा अंदाज दर गुरुवारी येतो. तो गावात कोण वाचतो? त्याची बातमी होत नाही, एल निनोची होते.

आयओडी म्हणजे लॉटरी लागली असंही समजू नका. २०१९ ला तो विक्रमी होता. देशातून मान्सून परतायलाच ९ ऑक्टोबरला लागला, नंतरही पाऊस सुरूच. सोयाबीनच्या गंजी भिजून कोंब आले, द्राक्षवाल्यांचं विचारूच नका. त्याच झोक्यानं तिकडं ऑस्ट्रेलिया कोरडा पडून जळाला.

दुकानातल्या त्या पोराला मी सांगितलं, पेरणी एल निनोवर ठरवू नको, ७५-१०० मिलिमीटर पाऊस आणि वाफसा बघून कर. एल निनोवर ठरवायचं ते पीक. माझं ठरलंय: मुरमाड तीन एकरात सोयाबीन नाहीच. काळ्या रानात चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर, रुंद वरंब्यावर. शेततळ्याला नवा कागद कालच आणलाय. उन्हात अंथरायला चार माणसं लागतील, रविवारी मोकळे असाल तर या.