छपराचे ओव्हरहॉलिंग आणि घराचा विमा



गळीत हंगामाची शेवटची मोळी गव्हाणीत पडली की दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात काय सुरू होते, हे आपणांस सांगायला नको. मिलचे रोलर उतरतात, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात, पंप उघडले जातात. "चालू यंत्र कशाला उघडता?" असे कोणी विचारत नाही. ऐन हंगामात मिल थांबली तर तोडलेला ऊस फडात वाळतो, हे लहान पोरालाही ठाऊक आहे.

पण ज्या छपराखाली आपली बायकामुलं झोपतात, त्याचे ओव्हरहॉलिंग आपण कधी केले? घर बांधले तेव्हा पत्रा घातला तो घातला. मध्ये कधी गळले तर डांबर लावले, वर दोन दगड ठेवले. "बघू पुढल्या सालच्या बिलात" असे म्हणत दहा-वीस वर्षे निघून जातात. मग वळवाचे वादळ येते आणि पत्रे शेजाऱ्याच्या उसात जाऊन पडतात.

वादळ म्हणजे कोकणाची गोष्ट, असे समजून आता चालणार नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, पण ते किनाऱ्यावर थांबले नाही. घाट चढून पुणे जिल्ह्यातही त्याने घरांचे पत्रे उडवले, पॉलीहाऊस आडवे केले. चक्रीवादळाचे सोडा. एप्रिल-मे महिन्यात दुपारी आभाळ भरून येते आणि पाऊण तासात होत्याचे नव्हते होते, हे आपण दरसाल पाहतो.

अशा वेळी सरकारी मदत येते; ती यावीच. पण तिचा आकार लक्षात ठेवा. 2022-23 ते 2025-26 या वर्षांसाठी ठरलेल्या आपत्ती निधीच्या निकषांत, किमान 15 टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500 रुपये आणि कच्च्या घराला 4,000 रुपये अशी तरतूद होती. एवढ्यात अख्खे छप्पर उभे राहत नाही. म्हणून घराचा विमा हवा, हे आमचे पहिले म्हणणे. गोदामातली साखर बँकेकडे तारण ठेवताना तिचा विमा असावाच लागतो. साखरेला विमा आणि साखर पिकवणाऱ्याच्या घराला नाही, हे बरे दिसत नाही.

घराच्या विम्याची एक सोपी, ठरावीक पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून देशात सुरू झाली आहे. तिचे नाव 'भारत गृह रक्षा'. आग, वीज, भूकंप, पूर, वादळ, चक्रीवादळ ही संकटे तीत मुळातच धरलेली आहेत. विम्याची रक्कम घराच्या बाजारभावावर ठरत नाही, पुन्हा बांधायला येणाऱ्या खर्चावर ठरते. इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, पण जास्तीत जास्त 10 लाख रुपये, एवढे घरातले सामानही त्यात आपोआप येते. एरवी काही पॉलिसींत बाजारमूल्य धरतात, म्हणजे जुन्या पत्र्याचा घसारा वजा करून उरेल तेवढेच हाती पडते. तेव्हा सही करण्यापूर्वी एवढे एक विचारून घ्या : पैसे नव्या छपराचे मिळणार की जुन्याचे?

आता दुसरे म्हणणे, आणि ते थोडे कडू आहे. विमा म्हणजे छपराची डागडुजी नव्हे. विमा अचानक आलेल्या संकटाचा असतो. गंजाने चाळणी झालेला पत्रा दर पावसाळ्यात गळत असेल, तर तो वादळाचा दावा होत नाही. घर चांगल्या स्थितीत राखणे ही विमा घेणाऱ्याची जबाबदारी असते. सर्वेअर शिडी लावून वर चढतो तेव्हा तो दोन गोष्टी बघतो : पत्रा वाऱ्याने गेला की गंजाने? हुक वाऱ्याने वाकला की आधीच तुटलेला होता?

वारा छपराला खाली दाबण्यापेक्षा वर उचलतो आणि त्याचा जोर कडेला, पागोळीला आणि आढ्याजवळ जास्त असतो. म्हणजे सारा भार हुकांवर आणि वायसरांवर. हुकाभोवतीचे भोक गंजून मोठे झाले की पत्रा तिथेच फाटतो. एक सुटला की वारा आत शिरतो आणि बाकीचे उचलतो. कौलारू घरात कौल शाबूत असते, पण आतला वासा वाळवीने पोखरलेला असतो. सिमेंटचा पत्रा जुना झाला की ठिसूळ होतो. आपल्या भागात तर चिमणीची राख आणि पालापाचोळा पन्हळीत साचतो, ओल धरून राहतो आणि पत्रा तिथून कुजतो. वर्षातून एकदा झाडून काढायला किती वेळ लागतो?

मग छप्पर जुने म्हणून विमा कंपनीने हात वर करायचे का? मुळीच नाही, हे आमचे तिसरे म्हणणे. विमा विकताना छप्पर न बघता हप्ता घ्यायचा आणि दाव्याच्या वेळी गंज मोजायचा, हा न्याय नव्हे. जुने असणे वेगळे आणि हेळसांड करणे वेगळे. अपवादाच्या कलमावर कंपनीला बोट ठेवायचे असेल तर ते कलम लागू पडते हे सिद्ध करणे कंपनीचे काम आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत म्हटले आहे.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात हाच वाद पेटला होता. तिथेही ऊस पिकतो आणि तिथेही चक्रीवादळे येतात. जुन्या छपराच्या घरांना कंपन्या विमाच नाकारू लागल्या, तेव्हा 2022 मध्ये तिथे कायदा झाला. 15 वर्षांच्या आतले छप्पर केवळ वयामुळे नाकारता येणार नाही. त्याहून जुने असेल तर तपासणी करून घेण्याची संधी द्यायची, आणि ते आणखी 5 वर्षे टिकेल असे तपासणीत आढळले तर वयाचे कारण चालणार नाही. वय विचारू नका, प्रकृती बघा, हाच त्याचा अर्थ. आपल्याकडेही हीच रीत रुजावी असे आम्हांस वाटते.

तोवर सभासदांनी काय करावे? दर मे महिन्यात छप्पर झाडून, हुक-वायसर बदलून, आतून-बाहेरून तारखेचे फोटो काढून ठेवावेत. पत्रे, हुक, मजुरी यांच्या पावत्या पॉलिसीबरोबर एकाच पिशवीत ठेवाव्यात. अर्जात बांधकामाची माहिती खरी द्यावी. पत्र्याच्या घराला स्लॅब लिहिणे म्हणजे आपणच आपला दावा बुडवणे. गोठा घराच्या विम्यात आलाच असे धरू नये, तो विचारून लेखी नमूद करून घ्यावा. वादळ झाले तर कंपनीला ताबडतोब कळवावे, ताडपत्री घालून सामान वाचवावे, पण सर्वेअर येईपर्यंत उडालेले पत्रे भंगारात देऊ नयेत. महसूल खात्याच्या पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. महसूल मंडळात महावेधचे स्वयंचलित हवामान केंद्र असते, तिथे वाऱ्याचा वेग नोंदला जातो. तो पुरावा कामी येतो. आणि दावा नाकारला तर कारण लेखी मागावे. कंपनीकडे तक्रार करून महिन्यात समाधान झाले नाही तर पुण्यात विमा लोकपालांचे कार्यालय आहे. तिथे वकील लागत नाही, फी लागत नाही. मात्र वर्षाच्या आत गेले पाहिजे.

शेवटी संचालक मंडळाला एक विनंती. सभासदाची लेखी संमती घेऊन घरविम्याचा हप्ता ऊसबिलातून भरण्याची सोय करता येईल का, आणि गट कार्यालयात पॉलिसीच्या अटी मराठीतून समजावून सांगणारा एक माणूस बसवता येईल का, याचा विचार वार्षिक सभेपुढे ठेवावा. सक्ती नको. ज्याला हवे त्याने घ्यावे.

कारखाना आपला, तसे घरही आपलेच. मिल उघडून बघण्याची शिस्त आपण कारखान्याला लावली. तीच शिस्त यंदा वळीव येण्याआधी आपल्या छपराला लावू या. शिडी काढा, वर चढा आणि पहिला गंजलेला हुक बदला.