मे महिन्यातलं पिल्लू

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांच्या हट्टाखातर आणलेलं दोन महिन्यांचं पिल्लू जुलैत चार महिन्यांचं होतं. हिशेब साधा आहे, पण पिल्लू आणताना तो फारसं कुणी मांडत नाही. पिल्लाच्या तोंडात दुधाचे 28 दात असतात. साधारण चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत त्यांच्या जागी 42 पक्के दात येतात. दात येणाऱ्या तान्ह्या बाळासारख्याच त्याच्या हिरड्या शिवशिवतात आणि काहीतरी चावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आता मुंबईच्या शीव कोळीवाड्यातलं पावसाळ्यातलं घर बघा. जूनच्या मध्यावर शाळा उघडलेल्या, आईवडील सकाळी गुरू तेग बहादूर नगर स्टेशनावरून हार्बरच्या गाडीने कामावर गेलेले, बाहेर पावसाची झोड. जोराचा पाऊस झाला की गांधी मार्केट आणि शीवच्या सखल भागात पाणी तुंबतं. अशा पाण्यातून कुत्र्याला नेणं लेप्टोस्पायरोसिसच्या भीतीने टाळलंच पाहिजे. लसींचे डोस पूर्ण होऊन पिल्लू बाहेर फिरण्याजोगं होतं तेही नेमकं याच सुमाराला. म्हणजे ज्या महिन्यांत त्याला सर्वांत जास्त चावायला, धावायला आणि माणसांची सोबत लागते, त्याच महिन्यांत ते बंद घरात एकटं असतं. मग चपला, कॉटचा पाय, चार्जरची वायर, शाळेच्या दप्तराचा पट्टा यांची लक्तरं होतात आणि गणपती यायच्या आत घरात ठरून जातं की हे कुत्रं वांड निघालं. माझं म्हणणं असं की यात पिल्लाच्या स्वभावाचा वाटा थोडा आहे. मोठा वाटा आपण निवडलेल्या वेळेचा आणि आपल्या गैरहजेरीचा आहे.

चावणं ही कुत्र्याची खोड समजली की पुढचं सगळं चुकत जातं. त्याला हात नाहीत. वस्तू कठीण आहे की मऊ, तिला चव कसली, ती खाण्याजोगी आहे का, हे ते तोंडानेच तपासतं. दात आल्यावरही हे संपत नाही. वर्ष-दीड वर्षापर्यंत, म्हणजे वयात येण्याच्या काळात, कुरतडण्याचा जोर पुन्हा वाढतो. जातीचाही संबंध असतो. मुंबईत हौसेने पाळल्या जाणाऱ्या लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर मच्छीमारांची कुत्री होती. जाळ्यांचे दोर ओढून आणणं, गळावरून सुटलेली मासळी पाण्यात उडी मारून तोंडात धरून आणणं, हे त्यांचं काम. पुढे इंग्लंडमधल्या शिकाऱ्यांनी तोंडात वस्तू धरण्याची तीच ओढ पिढ्यान् पिढ्या जोपासली. कोळ्यांच्या नावाने वसलेल्या वस्तीत दर्यावरच्या कामासाठी घडलेलं कुत्रं चौथ्या मजल्यावरच्या खोलीत बांधून ठेवायचं आणि त्याने तोंडात काही धरू नये अशी अपेक्षा करायची, हे मला त्याच्यावर अन्यायाचं वाटतं. शिवाय 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं की जवळपास चौथ्या हिश्शाच्या लॅब्राडोरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि त्यांचं लक्ष सतत खाण्यावर राहतं. ‘एवढं खाऊनही याचं तोंड चालूच’ म्हणून ज्याला आपण हावरट ठरवतो, त्याच्या शरीरातच भुकेची जाणीव जास्त असू शकते.

म्हणून कुरतडलेली वस्तू पाहून आधी विचार करायला हवा: काय, कुठे आणि केव्हा? चप्पल, मोजे, उशीचा अभ्रा, टीव्हीचा रिमोट या वस्तू निवडल्या असतील तर त्यांना माणसाच्या घामाचा आणि हाताचा वास आहे. मासे कापायच्या लाकडी पाटाची कड कुरतडली असेल तर त्यात मुरलेला बांगडा त्याला बोलावत होता. दिवसभर जे सापडेल ते थोडंथोडं कुरतडलेलं असेल तर कंटाळा आहे. पण दाराची चौकट, उंबरा, खिडकीची कड यांवरच दातांच्या आणि नखांच्या खुणा असतील, आणि हा प्रकार माणूस बाहेर पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात होत असेल, सोबत रडणं, लाळ गळणं, घरात लघवी होणं असेल, तर ती एकटेपणाची भीती आहे. त्याला मस्ती म्हणणं चूक. अशा कुत्र्याला आणखी दहा खेळणी दिली तरी फरक पडत नाही. दोन-पाच मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू एकटं राहायची सवय लावावी लागते आणि बऱ्याचदा प्राण्यांच्या डॉक्टरांची मदतही घ्यावी लागते. चार-पाच वर्षांचं शांत कुत्रं अचानक माती, भिंतीचा गिलावा, कापड खाऊ लागलं तर तेही दुखण्याचं लक्षण धरावं: दात, पोट, जंत, काहीही असू शकतं.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: ‘त्याला सगळं कळतं. आम्ही घरात शिरलो की कान पाडून, नजर चुकवून कोपऱ्यात बसतं, म्हणजे चूक कळलेली असतेच ना?’ न्यूयॉर्कच्या बार्नर्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 मध्ये नेमकं हेच तपासलं. मालकाने खाऊला तोंड लावायची मनाई करून खोलीबाहेर जायचं. मग कधी कुत्र्याला खाऊ खाऊ द्यायचा, कधी नाही. आणि मालकाला मात्र काही वेळा मुद्दाम खोटं सांगायचं. त्या 14 कुत्र्यांच्या चेहऱ्यावरचा ‘अपराधी’ भाव त्यांनी खाऊ खाल्ला होता की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर अवलंबून होता. काहीही न केलेली आणि तरी ओरडा खाल्लेली कुत्री तर सर्वांत जास्त अपराधी दिसली. आपण ज्याला कबुली समजतो ती आपल्या आवाजाची आणि चेहऱ्याची भीती असते. सकाळी अकराला फाडलेल्या उशीसाठी संध्याकाळी सातला मार दिला तर कुत्र्याच्या मनात उशीशी त्याचा संबंध जुळत नाही. तो जुळतो तुमच्या घरी येण्याशी. दुसऱ्या दिवशी तुमची वाट पाहणंच त्याला धास्तीचं होतं, आणि धास्तावलेलं कुत्रं अधिक चावतं. ब्रिटनमध्ये 364 कुत्रामालकांची पाहणी करून 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वस्तू कुरतडण्यासह अनेक बाबतींत लोक काय उपाय करतात हे विचारलं होतं. शिक्षेने कुत्री जास्त आज्ञाधारक झाल्याचं दिसलं नाही. बक्षीस देऊन शिकवलेली कुत्री मात्र जास्त ऐकणारी होती, आणि जिथे शिक्षा होती तिथे तक्रारीही जास्त होत्या. मुळात द्वाड कुत्र्यांनाच मार जास्त बसत असेल, अशी शंका इथे घेता येते आणि ती रास्त आहे. अशा पाहणीतून कारण आणि परिणाम पूर्ण सुटे करता येत नाहीत. पण मारामुळे वळण लागतं या दाव्याला तिथे आधार मिळत नाही, एवढं पक्कं.

‘गावाला आजोबांकडे कुत्री होती, रस्त्यावरचीही आहेत, ती कुठे सोफे फाडतात?’ हा दुसरा आक्षेप. गावचं कुत्रं दिवसभर मोकळं असायचं. हाडूक, काटकी, चामड्याचा तुकडा, नारळाचं सोडण, त्याला चावायला काही कमी नव्हतं आणि चार गल्ल्या हुंगून आल्यावर ते दमून झोपायचं. ते कुरतडत नव्हतं असं नाही. ते कुरतडायचं त्या वस्तूंची किंमत कुणाला नव्हती. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीतल्या 225 किंवा 300 चौरस फुटांत, किंवा फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांसाठी बांधलेल्या इथल्या जुन्या इमारतींतल्या खोल्यांत, प्रत्येक वस्तू मोलाची असते आणि प्रत्येक वस्तू कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असते. म्हणून लहान घरात शिस्त आधी माणसांच्या वस्तूंना लावावी लागते. चपला बंद कपाटात, वायरी भिंतीला वर ठोकलेल्या, औषधांच्या गोळ्या आणि डांबरगोळ्या कडीच्या आत. आपण नसताना पिल्लाला सगळं घर मोकळं देऊ नये. जाळीचा एक कोपरा आखून द्यावा, पण शिक्षा म्हणून तिथे कोंडू नये. त्याच्या तोंडात आपली वस्तू दिसली तर मागे धावू नये, कारण पळापळ हा त्याच्यासाठी खेळ होतो. दुसरं काही आवडतं देऊन अदलाबदल करावी. आणि जुनी चप्पल खेळायला मुळीच देऊ नये. जुनी कोणती आणि परवा घेतलेली कोणती, हा भेद त्याला करता येत नाही.

काय द्यावं, याचं उत्तर फार खर्चिक नाही. गाजर, भिजवून गाठ मारून गार केलेला जुना पंचा, रबराचं पोकळ खेळणं आणि त्यात भरलेला भात-दही. रोजचं जेवणच ताटलीत न देता जुन्या टॉवेलाच्या घड्यांत लपवलं तर दहा मिनिटांचं हुंगणं आणि उलगडणं होतं. कुत्र्याला त्याने जो थकवा येतो तो चांगला असतो. नखाने दाबून खूण उमटत नाही इतकं कठीण काही नको, त्याने दाढा तुटतात. आणि शिजवलेली हाडं अजिबात नकोत. ज्या वस्तीने आपलं नाव देशभरातल्या कोळीवाडा फ्रायला दिलं, तिथे संध्याकाळी तळलेल्या कोंबडीची हाडं फुटपाथवर पडलेली असतात; शिजलेलं हाड टोकदार फुटतं आणि आतड्यात घुसू शकतं. आंब्याची कोय आणि पावसाळ्यातल्या मक्याच्या कणसाची दांडी आतड्यात अडकते. असं काही गिळल्याची शंका आली, उलट्या सुरू झाल्या, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय 1883 पासून जनावरांसाठी आहे आणि इथून फार दूर नाही.

राहतो तो सर्वांत खरा आक्षेप: ‘दोघंही नोकरीला, घर एवढंसं. मग आम्ही कुत्रं पाळूच नये का?’ 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर त्याला क्रूरता म्हणतो. घर किती फुटांचं असावं हे तो सांगत नाही. लहान घर हा अडथळा नाहीच. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, वास घेत रमतगमत फिरणं, दुपारी शेजारच्या कुणीतरी डोकावणं, एवढं जमवता येत असेल तर कुत्रं 225 फुटांतही सुखाने राहतं. ते जमणार नसेल तर दोन महिन्यांचं लॅब्राडोर आणू नये. दात येऊन गेलेलं, दोन-तीन वर्षांचं, स्वभाव कळलेलं देशी कुत्रं दत्तक घ्यावं. आणि पिल्लूच हवं असेल तर निदान मे महिना टाळावा. आठ आठवडे पूर्ण न झालेलं पिल्लू विकायला 2017 च्या नियमांनी मनाईच आहे. दोन महिन्यांचं पिल्लू दिवाळीच्या सुमारास आणलं तर त्याचे दात पडायला लागतात ते डिसेंबर-जानेवारीत. रस्ते कोरडे असतात, संध्याकाळी हवा बरी असते, लसी तोवर पूर्ण झालेल्या असतात, आणि नाताळच्या सुट्टीत मुलं घरी असतात.