१००९ धावांनंतरचा मुलगा

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘नाळ २’मधल्या त्रिशा ठोसर या चिमुकलीने राष्ट्रीय पुरस्कार स्वीकारला. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. आपल्या मुलीलाही कॅमेऱ्याची भीती नाही, तिला पाठवावे का, असा विचार मनात आला असेल, तर कल्याणच्या प्रणव धनावडेची गोष्ट आठवा.

जानेवारी २०१६ मध्ये, वयाच्या १५व्या वर्षी, त्याने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. १८९९ पासूनचा नाबाद ६२८ धावांचा विक्रम मोडला. मुंबई क्रिकेट असोसिएशनने दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे मात्र तशा धावा होईनात. २०१७ मध्ये त्याच्या रिक्षाचालक वडिलांनीच पत्र लिहून शिष्यवृत्ती थांबवण्याची विनंती केली. लोकांना यात अपयश दिसले. डॉक्टर म्हणून मला त्यात बापाचे शहाणपण दिसते.

किशोरवयात मूल ‘मी कोण’ हे चाचपडत शिकते. चुकते, कंटाळते, छंद बदलते. पण कौतुक एकाच गोष्टीचे होत राहिले, आणि वर घरखर्चही त्यावर चालू लागला, तर ‘आता नको’ म्हणण्याची सोय उरत नाही. मग आवाज फुटतो, उंची वाढते, बोलावणी थांबतात आणि विशीतच आपण संपलो असे वाटू लागते. मोठेपणीची उदासी किंवा दारू कधी कधी इथपर्यंत मागे नेता येते. प्रत्येकाचे असे होते असे मात्र नाही. सचिन तेंडुलकरही शाळेतच गाजले होते.

आपल्या प्रतापगड-अर्जुनी मोरगाव भागात मुंबई दूर असली तरी मोबाईलवरचे रील आणि झाडीपट्टीचा रंगमंच जवळच आहे. ही नाटके रात्रभर चालतात आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते. ती आधी सांभाळा. चित्रपट-मालिकांसाठी तर २०१७ चे केंद्राचे नियमच आहेत: १४ वर्षांखालील मुलाला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही आणि कमाईतले किमान २० टक्के मुलाच्याच नावे मुदत ठेवीत.

कार्यक्रमाच्या दिवशीच पोट दुखत असेल तर त्याला नाटक समजू नका. झोप उडणे, चिडचिड, मित्र टाळणे दोन आठवडे टिकले तर डॉक्टरांना दाखवा. मरणाची भाषा आली तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते.