ताक्याला नंबर असेल तर माल हरवत नाही

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली तेव्हा भिवंडीहून निघालेले माझे ग्रे कापड तीन ठिकाणी अडकले. काही यंत्रमागवाल्याकडे, काही ट्रान्सपोर्टच्या गोदामात, काही परराज्यातील प्रोसेस हाऊसमध्ये. काम पुन्हा सुरू झाले तेव्हा प्रोसेसवाल्याने विचारले, "शेठ, यातले तुमचे ताके कोणते?" माझ्या वहीत फक्त एकूण ताके आणि मीटर. ताक्यांवरचे हाताने लिहिलेले नंबर पुसलेले. एकाच मालावर तिघांचा दावा! वाद मिटेपर्यंत माल अडला आणि मागवाल्याची मजुरीही अडली. चूक माझ्या हिशेबाची. भोगावे लागले त्या गरिबाला.

यावर उपाय आहे बारकोड. दुकानातील मालावर तो पहिल्यांदा वाचला गेला अमेरिकेत, २६ जून १९७४ रोजी. पुढे १९९४ मध्ये जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठी क्यूआर कोड निघाला. आज तोच पानवाल्याकडेही लटकतो. मग आपल्या ताक्यावर का नसावा?

कोडात जादू नाही. त्यात फक्त नंबर असला तरी पुरे. कोणत्या मागावरचा ताका, किती मीटर, कोणाकडे, कोणत्या तारखेला गेला, हे त्या नंबरापुढे आपणच नोंदवायचे. माल हात बदलेल तिथे मोबाईलने स्कॅन करायचा. मग रस्ता बंद झाला किंवा प्रोसेस थांबली, तर कोणता माल कुठे आहे ते बसल्या जागी कळते. कोणत्या गिऱ्हाइकाला दुसरीकडचा माल देता येईल तेही ठरवता येते. २०१८ पासूनचे ई-वे बिल ट्रकमधल्या मालाची एकूण नोंद देते. त्यातला एकेक ताका ओळखून देत नाही.

एक सावधगिरी. कागदी चिठ्ठी धुलाई-रंगाईत टिकत नाही. ग्रे ताक्याच्या दोन्ही टोकांना पक्क्या शाईने नंबर घाला आणि प्रोसेसनंतर त्याच नंबरची नवी चिठ्ठी लावा. ताका कापला तर दोन्ही तुकड्यांची नोंद हवी. फास्टॅगमध्ये असते तशी रेडिओ चिप गठ्ठा न उघडता वाचता येते, पण तिचा खर्च छापील कोडापेक्षा जास्त असतो.

आपल्या पिढीला मोबाईलची भीती वाटते. घरातल्या मुलाला किंवा मुलीला बसवा. पुढच्या एकाच लॉटवर करून पाहा. पुन्हा माल अडला तरी हिशेब अडणार नाही, आणि कारागिराची मजुरीही वेळेवर देता येईल.